विंगेतून

प्रॉम्प्टरचं काम म्हणजे दुसऱ्याच्या श्वासावर नजर ठेवणं.
बावीस वर्षं मी अक्काताईच्या श्वासावर होतो,
पडद्याच्या काठाला, गुडघ्यावर वही,
कंदिलाची काच एका बाजूनं काळी केलेली.
पहिल्या कुजबुजीला ती वाक्य कधी घ्यायची नाही.
थांबायची. मला घाम फुटेस्तोवर थांबायची,
आणि निपाणीचं अख्खं पिट
बिड्या विझवून
त्या थांबण्याकडं बघत बसायचं.

कंपनी मोडली. पडदे संकेश्वरच्या मंडपवाल्यानं घेतले,
राजवाड्याचा पडदा एका बारशाला लावलेला मी पाहिलाय.
पत्र्याचं थिएटर तंबाखूची वखार झालं.
ती भाड्याच्या खोलीत ब्लाउज शिवायला लागली
आणि एका वर्षी, कुणाला न विचारता,
वॉर्ड अकरातून अर्ज भरला.
चिन्ह मिळालं शिलाई मशीन.
"बघ भैरू, हे तरी पाठ करायला नको."

हरकत आली. बाई इथली नाही, पलीकडची.
(नाटकवाली, हे तोंडी. कागदावर नाही.)
जन्मस्थळ?
"गाडीत," ती तहसीलदारांना म्हणाली.
"कागल सोडलं तेव्हा आई कळा देत होती,
कोगनोळी आली तेव्हा मी रडत होते.
मधे नाका नव्हता साहेब, तेव्हा नव्हता.
आणि नाव बघा की माझं.
अक्का कुणाची, ताई कुणाची, ते आधी ठरवा."
तो बिचारा पेनाचं टोपण चावत राहिला.
त्रेचाळीस मतांनी आली.

पालिकेचे कागद कानडीत.
तिला बोलता येई ते बाजारापुरतं, वाचता एक अक्षर नाही.
मग पोस्टातला कल्लाप्पा वाचायचा, मी बाळबोधीत उतरवायचो,
श्वासाच्या जागी लाल रेघ, नाटकासारखीच:
अध्यक्षरे । नन्न मातु । केळ्री.
सभेत मला कोण बसू देणार?
खिडकीखाली पालथी बादली, तीच माझी विंग.

त्या दिवशी विषय होता वखारीचा लिलाव.
मी दोन पानं भरून दिली होती. कला, परंपरा, आपलं थिएटर.
ती उठली. पहिलं वाक्य झकास.
मग थांबली.
मी दिलं. घेतलं नाही.
पुन्हा दिलं, जरा मोठ्यानं, शिपाई वळून बघण्याइतकं.
हे थांबणं माझ्या ओळखीचं नव्हतं.

"विका थिएटर. विका जावा," ती म्हणाली, मराठीत.
"खरं त्याच्या मागं काय हाय, ठावं हाय?
निवडुंग हाय.
राणीचा शालू वर धरून बावीस वर्षं मी त्या निवडुंगात गेले,
रात्री दोनला, एक पोरगी कंदील घेऊन राखणीला.
आता वखारीतल्या बायका जातात. अंधार पडल्यावर.
दिवसभर पाणीच पीत नाहीत त्या.
नीर कुडियंगिल्ल री!
कुठल्या भाषेत सांगू अजून?"

अध्यक्षांनी पाण्याचा पेला उचलला होता,
तो तसाच खाली ठेवला.

सहा संडास मंजूर झाले. थिएटरही गेलं, त्याच बैठकीत,
हात वर करून, चहाच्या आधी.
परत येताना तिनं विचारलं, "चुकलं काय रे?"
सगळ्या जन्मात पहिल्यांदा विचारलं.
मी म्हटलं, वहीत नव्हतं.
"वहीत नव्हतं खरं..." म्हणाली,
आणि पुढचं वाक्य मला सुचलं नाही.

आता बायका तिथं भर दुपारी जातात,
हातातली तंबाखूची धूळ बाहेरच्या नळाला धुतात.
भिंतीवर तिचं नाव आहे म्हणे, कानडीत.
मी नुसतीच वळणं मोजतो.
घरी वही आहे. त्या भाषणाचं शेवटचं पान कोरं असल्यासारखं स्वच्छ,
कुणाच्या घामाचा डाग नाही.
अध्यक्षरे । धन्यवादगळु.
आणि खाली, माझ्याच अक्षरात:
टाळ्यांसाठी थांबणे.